गेम खेळायला स्कॉटलंडला कशाला धाडायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक गृहस्थ बारावी झालेल्या मुलीला घेऊन माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले होते. तिला डंडीच्या अबर्टे विद्यापीठात गेम डिझाइन शिकायचं होतं. वडिलांचा प्रश्न बहुतेक पालकांचाच : "मॅडम, मोबाइलवर दिवसभर खेळतेच की ही. त्यासाठी कर्ज काढायचं होय? आणि त्या रमीवर तर सरकारनंच बंदी घातली ना?"

रमीचं आधी निकालात काढलं. २०२५च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. गेम बनवण्याच्या धंद्याला ती बंदी नाही. पोरीनं विद्यापीठही उगाच निवडलं नव्हतं. कॉम्प्युटर गेम्सची जगातली पहिली पदवी तिथे १९९७मध्ये सुरू झाली, आणि पहिला 'ग्रँड थेफ्ट ऑटो' बनवणारी डीएमए डिझाइन कंपनीही त्याच गावातली.

गोची निराळीच होती. मुलगी पुष्कळ खेळली होती, पण स्वतः काहीच बनवलं नव्हतं. मी तिला सांगितलं, लॅपटॉप बाजूला ठेव आणि घरच्यांना खेळता येईल असा कागदी खेळ कर. नियम एकदाच सांगायचे, मग मध्ये बोलायचं नाही.

तिनं हळदीचा सौदा केला! पोत्यांचे पत्ते, खोटे पैसे आणि बोली रुमालाखाली बोटं दाबून, आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या जुन्या पद्धतीनं. दोन डाव झाल्यावर वडील म्हणाले, "ज्यानं पहिली रास उचलली, त्याच्याच पुढच्या सगळ्या. बाकीच्यांनी घरी जावं काय?" मग त्यांनीच सुचवलं, माल घेतला की पैसा अडकतो, तसं इथेही अडकू दे. रास घेणाऱ्याचे पैसे दोन फेऱ्या बाजूला ठेवायचे, असा नियम आला आणि खेळाला रंग चढला. काय बदललं नि का, हे तिनं वहीत टिपलं. पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या कामांच्या संग्रहात, चकचकीत चित्रांपेक्षा मला ही वही मोलाची वाटते.

पैशांचं गणित मात्र जमेना. शिकता शिकता स्वतःचा गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात विकून कर्ज फेडीन, असा तिचा बेत होता. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते. स्वतःचा धंदा अजिबात नाही, आणि गेम विकणं धंद्यातच मोडतं. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधायला २ वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना १८ महिनेच मिळणार. त्यात २०२३पासून मोठमोठ्या स्टुडिओंनी माणसं कमी केलीत. स्कॉटलंडची ऑनर्स पदवी ४ वर्षांची. एवढं सगळं कर्जावर करू नये, असं मी स्पष्ट सांगितलं.

मुलगी फुरंगटली. वडीलच तिची बाजू घेऊन भांडायला लागले, हे मला अपेक्षित नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : पुण्यात कॉम्प्युटर सायन्सची पदवी, सोबत गोडोवर छोटे गेम पूर्ण करायचे (गेम बनवायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेव्हा पैशाची सबब नको), आणि मग डंडीतला एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. आपल्याकडच्या एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेतही डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, तेही यादीत ठेवायला लावलं. वडिलांना अर्थातच तेच जास्त पटलं.