41 प्रमाणपत्रांची फाइल

प्रश्न : मुलगी 27 वर्षांची, एम.एस्सी. (रसायनशास्त्र) 68 टक्के, सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. दोन वर्षं एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. मी निवृत्त असल्याने तिच्या ऑनलाइन एफडीपी (प्राध्यापकांसाठीच्या प्रशिक्षण कार्यशाळा) मीच सांभाळतो. ती तासावर असली की लॉगिन करून बसतो, शेवटची प्रश्नमंजूषाही सोडवतो. 41 प्रमाणपत्रं जमली आहेत. एक संस्था तिला ‘आदर्श प्राध्यापक’ पुरस्कार देतेय, फक्त नोंदणी शुल्क भरायचं आहे. तिला मात्र यात रस नाही. सलग तीन रविवार तिने प्रथम वर्षाच्या मुलांसाठी टायट्रेशनच्या (ब्युरेट या मोजनळीतून द्रावण थेंबथेंब सोडायच्या प्रयोगाच्या) सूचना मराठीत लिहिण्यात घालवले! पीएच.डी. करायची म्हणते, पण त्यात चार-पाच वर्षं जातील. तिला करिअरचं गांभीर्य कसं पटवावं?

उत्तर : ‘मीच सांभाळतो’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. याला तोतयेगिरी म्हणतात. परीक्षेला दुसऱ्याच्या जागी बसणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच. उद्या मुलाखतीत कुणी एखादं प्रमाणपत्र उचलून ‘या कार्यशाळेत काय शिकलात?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसाल. तिला एक तर खोटं बोलावं लागेल, नाहीतर वडिलांचं नाव सांगावं लागेल. तुम्ही मायेपोटी करताय, हे दिसतंय. तरी आजपासून बंद. ज्या कार्यशाळांना ती बसलेलीच नाही, त्यांची प्रमाणपत्रं फाइलमधून काढा.

आणि ज्यासाठी एवढा खटाटोप, तिथे ही फाइल फारशी चालतही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी उमेदवारांची छाननी करायला 100 गुणांचा तक्ता आहे. पदवीला जास्तीत जास्त 21, पदव्युत्तरला 25, पीएच.डी.ला 25, जेआरएफ या संशोधनवृत्तीसह नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला 10, नुसत्या नेटला 8, सेटला 5, शोधनिबंधांना 6, शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2 असे कमाल 10 आणि पुरस्कारांना 3. यात एफडीपीचा रकाना तुम्हीच शोधून दाखवा. ओरिएंटेशन, रिफ्रेशर हे लागतात ते नोकरी लागल्यावर, कॅस या बढती योजनेखाली पुढच्या वेतनस्तरावर जाताना. म्हणजे तुम्ही लग्न ठरायच्या आधी बारशाची खरेदी करताय. पुरस्काराचे ते 3 गुणही राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या पुरस्कारांना. राज्य सरकारच्या पुरस्काराला 2. शुल्क घेऊन शाल-श्रीफळ देणाऱ्यांना शून्य. ते पैसे भरू नका.

आता त्या वाया गेलेल्या तीन रविवारांविषयी. तुमच्या सबंध पत्रात शिकवण्याविषयीची गोष्ट ही एवढीच आहे, आणि ती तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या वर्षाला इंग्रजी कृती नुसती उतरवून काढतात, ब्युरेट हातात आली की गोंधळतात आणि शेवटी शेजारच्याचा सीबीआर (ब्युरेटचं पुन्हा पुन्हा सारखंच आलेलं रीडिंग) आपल्या वहीत घालून मोकळी होतात. (आधी सीबीआर लिहून मग वरची तीन रीडिंग ‘बसवणारे’ आम्हीही होतोच.) तुमच्या मुलीला हे दिसलं, खटकलं आणि तिने त्यावर काहीतरी केलं. प्राध्यापकाचा व्यावसायिक विकास आणखी वेगळा काय असतो? दुर्दैव असं, की कॅसच्या तक्त्यातही अध्यापनाचा शेरा नेमून दिलेल्यापैकी किती तास घेतले यावरच ठरतो. 80 टक्के किंवा जास्त घेतले की ‘चांगले’. मुलांना कळलं का, हे तिथे कुणी विचारत नाही. पण मुलाखतीच्या वेळी प्रत्यक्ष पाठ घ्यायला लावण्याची मुभा त्याच नियमावलीत आहे, आणि तिथे फळ्यासमोर पाच मिनिटांत माणूस कळतो.

तिने एक करावं. पत्रक देण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या बॅचमध्ये किती मुलांची रीडिंग खरोखर जुळली, एंड पॉइंट (रंग बदलला की थांबायचा तो क्षण) किती जणांचा हुकला, हे एका वहीत टिपून ठेवावं. पत्रकातली कुठली सूचना मुलांना कळलीच नाही, तेही लिहावं. दोन वर्षांनी ‘तुम्ही वर्गात काय बदललं?’ या प्रश्नाला तिच्याकडे स्वतःचं उत्तर असेल.

पीएच.डी.चं ती बरोबर म्हणतेय. पात्रतेला सेट पुरते, पण छाननीत 25 गुण सोडून कसं चालेल? नेट दिली तर 3 गुण वाढतील, जमलं तर द्यावी. तासिका तत्त्वाच्या नेमणुकीची पत्रं आणि विद्यापीठाच्या मान्यतेचे कागद मात्र एकही हरवू देऊ नका; फाइल करायची हौस असेल तर ती याची करा. चार-पाच वर्षं जातील म्हणता, तर ती तासिकेवर राहूनही जाणारच आहेत, आणि तिथला मोबदला तुम्हाला ठाऊक आहे. त्यात किती काळ राहायचं, याची मुदत मात्र तिने स्वतः ठरवावी.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू दे. गाइड कोण मिळतोय, विषय कुठला डोक्यात आहे, हे मला तिच्याकडून ऐकायचं आहे. सोबत त्या सूचनापत्रकाची एक प्रत जोडायला सांगा.