किती वेळ की किती वेळा?

प्रश्न असा आहे: ‘पंखा सतत फिरतो’ आणि ‘वीज सतत जाते’. पंखा थांबतच नाही आणि वीज जाते-येते. मग दोन्हीकडे ‘सतत’ कसं चालतं?

चालतं, कारण मराठीत ‘सतत’ने दोन्ही कामं अंगावर घेतली आहेत. नेमका अर्थ हवा असेल तर वाक्याला प्रश्न विचारावा: किती वेळ की किती वेळा? पंख्याला ‘किती वेळ’ विचारता येतं, म्हणून तिथे अखंड, अविरत, निरंतर बसतात. विजेला ‘किती वेळा’ विचारावं लागतं, तिथे वारंवार, घडोघडी, उठसूट. अदलाबदल केली की वाक्य लगेच कुरकुरतं: ‘वीज अखंड जाते’, ‘पंखा वारंवार फिरतो’.

‘सतत’ आणि ‘संतत’ एकाच ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूतून आले. ‘संतती’ही तिथलीच. पण आयुर्वेदाने या जुळ्यांना वेगळं काम दिलं. चरकसंहितेत विषमज्वराचे, म्हणजे अनियमित तापाचे, 5 प्रकार आहेत. त्यांतला संतत ज्वर 7, 10 किंवा 12 दिवस उतरतच नाही, तर सतत ज्वर अहोरात्रात दोनदा येतो. म्हणजे एक ‘किती वेळ’चा, दुसरा ‘किती वेळा’चा! रोजच्या मराठीत ‘संतत’ आता मुख्यतः ‘संततधार’मध्ये भेटतो, त्याचं ‘सततधार’ करू नये.

न थांबणाऱ्या गटातले बरेच शब्द नकारातून झालेले आहेत, आणि नकार कशाचा, यात त्यांची छटा आहे. अखंड तुटत नाही. अविरत थांबत नाही (‘विराम’ याच कुळातला). निरंतरमध्ये फट नाही. अव्याहतला कोणी अडवू शकत नाही. अविश्रांतला विसावा नाही, म्हणून तो थकू शकणाऱ्यालाच शोभतो. माणूस अविश्रांत राबतो, पंप अविश्रांत चालला तर ती कविता होते.

‘सलग’ला माप लागतं: सलग आठ तास, सलग तीन दिवस. ‘लागोपाठ’ला सुट्या गोष्टी लागतात: लागोपाठ तीन शिंका. ‘लागोपाठ आठ तास झोपला’ म्हणूनच खटकतं.

बोलताना यांतलं फारसं काही येत नाही, येतो तो ‘सारखा’. त्यात कंटाळा किंवा तक्रार आयतीच असते. शिवाय तो लिंग-वचनाप्रमाणे बदलतो: नळ सारखा गळतो, टाकी सारखी गळते. गोंधळ होतो तो पुढे नाम आलं की. ‘त्यांना सारखे कपडे लागतात’ म्हणजे एकाच नमुन्याचे की उठसूट नवे? ‘एकसारखे’ लिहून सुटका नाही, त्यालाही दोन्ही अर्थ आहेत. लिहिताना तिथे सरळ ‘वारंवार’ घालावं.

आणि पुष्कळदा क्रियाविशेषण लागतच नाही, क्रियापदच काम भागवतं. ‘बोलत राहिला’ यात नुसतं चालू असणं आहे, ‘बोलत बसला’ यात वेळ वाया गेल्याची कुरकुर, ‘बोलत सुटला’ यात लगाम सुटलेला.

लेखनात ‘सतत’चा शेवटचा त पाय मोडून लिहू नये. ‘सातत्य’मध्ये जादा त घालून ‘सातत्त्य’ करू नये. ती सवय ‘महत्त्व’वरून लागते. ‘सततपणे’ही नको, ‘सतत’ आधीच क्रियाविशेषण आहे. फार तर ‘सातत्याने’.