सिंगापुरात फोडणी, बुरशी आणि नाताळ

(ही लेखिका मिरजेत नर्सिंग शिकली आणि आता सिंगापूरच्या एका रुग्णालयात काम करते. मराठी प्रॉटेस्टंट घरातल्या या मुलीला वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं.)

प्रश्न : ताई, मी सोलापूरची. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, नंतर सिंगापूरला यायचं मनात आहे. खोली, स्वयंपाक, हवा हे सगळं एकटीला जमतं का?

उत्तर : जमतं गं. पण आधी फोडणीचं बोलू, कारण नर्सिंग बोर्डाच्या कागदपत्रांबद्दल सांगणारे ढीगभर भेटतील, फोडणीबद्दल कोणी सांगत नाही. इथली बहुतेक माणसं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळानं बांधलेल्या, उंच इमारतींत राहतात आणि आपल्यासारख्या मुली त्यातल्या एखाद्या घरातली एक खोली भाड्यानं घेतात. जाहिरातीत ‘लाइट कुकिंग’ लिहिलं असेल तर मॅगी आणि उकडलेलं अंडं एवढंच समज. लसूण तडतडला की घरमालकीण स्वयंपाकघराचं दार लावून घेते. (हीच बाई बलाचान, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, भाजते तेव्हा वास पार लिफ्टपर्यंत जातो. पण घर तिचं, वासही तिचा.) तेव्हा डिपॉझिट देण्याआधी तोंडावर विचार, रोज तेलात मोहरी टाकली तर चालेल का. ‘बघू’ म्हणाली तर दुसरी खोली बघ.

विषुववृत्त इथून दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. तापमान ऐकून तू सोलापूरकरीण हसशील, दुपारी बत्तीस-तेहतीस. पण तुमच्याकडे घाम वाळतो, इथं तो अंगावरच राहतो. सुती कुडते आण. एक शालही आण, कारण बस, मॉल, चर्च सगळीकडे एसी असा की दात वाजतात.

कपडे वाळत घालायचे ते बांबूवर. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर नळकांडी बसवलेली असतात, त्यांत कपड्यांसकट लांब बांबू खोचायचा. पहिल्यांदा खोचताना खाली बघू नकोस. दुपारी गडगडाट झाला की मजल्यामजल्यावरून बांबू भराभर आत जातात. नळकांडी रिकामी असली की झाकण लाव. पाणी साचलं तर डास, आणि डेंगीबाबत इथं दयामाया नाही. तपासनीस घरात येऊन झाडांच्या ताटल्यासुद्धा बघतात. अळ्या सापडल्या तर पहिल्याच वेळी २०० डॉलर दंड.

आणि बुरशी. माझ्या मराठी बायबलचं वेष्टन कातडी आहे, त्यावर पावसाळ्यातल्या चपलेसारखी पांढरी भुकटी धरते. कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि कपाटात कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवायचा. वरच्या कप्प्यातले खडे हवेतलं पाणी ओढतात, ते खाली जमा होतं. सुपरमार्केटात पाणघोड्याचं चित्र असलेला मिळतो. डबा भरला की कळतं, हे सगळं पाणी आपल्या कपड्यांत होतं!

प्रश्न : माझी मुलगी सहा महिन्यांपासून तिकडे नोकरीला आहे. तिथं मराठी मंडळी, म्हणजे मराठी चर्च, नाही म्हणते. रविवारची उपासना चुकत तर नसेल ना? (नगरहून एक आई)

उत्तर : काकू, चुकत असणार. रुग्णालयाला रविवार नसतो. इथं शनिवारी संध्याकाळीही उपासना घेणारी चर्च आहेत, ती तिला सापडली की निम्मा प्रश्न सुटेल. ‘गेली होतीस का?’ असं दर रविवारी विचारू नका. ‘या आठवड्यात कुठली शिफ्ट?’ विचारा, बाकीचं ती आपणहून सांगेल. माझ्या आईला हे समजायला वेळ लागला.

२०२० च्या जनगणनेत इथले सुमारे १९ टक्के लोक ख्रिस्ती निघाले, म्हणजे एकटी पडण्याचं कारण नाही. भाषेचं म्हणाल तर मी सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलमध्ये इंग्रजी उपासनेला जाते. एकदा तिला तिथल्या पांढऱ्या भिंतींजवळ उभी राहायला सांगा. हे देऊळ हिंदुस्थानातून हद्दपार करून आणलेल्या कैद्यांनी बांधलं, १८६२ साली त्याचं समर्पण झालं. भिंतींच्या गिलाव्यात चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटली आहे, मद्रासकडची रीत. परक्या देशात आलेले आपण पहिले नाही, हे मला प्रवचनापेक्षा त्या गिलाव्यानं जास्त पटवलं. मराठी मात्र घरीच. आपल्याकडे नऊला उपासना सुरू होते तेव्हा इथं साडेअकरा. बाबा मागच्या बाकावरून फोन लावतात, मी खोलीत भात लावता लावता रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणते. तिकडच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, हे ठाऊक आहे, त्यांची हरकत नाही.

प्रश्न : मराठी आणि ख्रिस्ती, याचं तिथल्या लोकांना नवल वाटतं का? (वसई)

उत्तर : चिनी लोकांना अजिबात नाही. नवल वाटतं ते आपल्याच माणसांना. चर्चमधल्या मल्याळी बायका मला गोव्याची ठरवून मोकळ्या होतात. मराठी लोक आडनाव ऐकून खूश होतात, मग पहिलं नाव ऐकून ‘मिस्टर कोण?’ विचारतात, जणू बायबलमधलं नाव लग्नातूनच येतं. माझ्या खापरपणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती आहोत. गणपतीत बोलावतात, मी जाते, मोदक खाते, आरतीच्या वेळी मागे उभी राहते. यावर मला पत्रं लिहू नका.

प्रश्न : थंडी नाही तर नाताळ नाताळासारखा वाटतो का? आणि फराळ पाठवला तर चालेल का? मुलगी तिकडेच आहे. (कोल्हापूर)

उत्तर : डिसेंबरात इथं ईशान्य मोसमी पाऊस, म्हणजे नाताळ छत्रीतून. ऑर्चर्ड रोडवर दिव्यांच्या माळा, मॉलसमोर फेसाचा बर्फ, त्याखाली चड्डी-बनियनमधली पोरं. पहिल्या वर्षी मला हे सगळं खोटं वाटलं. आता उलट वाटतं. दिवस-रात्र वर्षभर सारखी, पानगळीचा ऋतू नाही. महिने कुठे गेले कळत नाही. अशा ठिकाणी चर्चचं सणावारांचं वर्ष हाच ऋतू. आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, पहिली मेणबत्ती पेटली की डिसेंबर आला. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस, मग उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ज्याची इथं सरकारी सुट्टी असते. मिरजेत मी उपासाकडे काणाडोळा करायची, इथं लेंट पाळते.

आमच्या वॉर्डातल्या फिलिपिनो मैत्रिणी कॅथलिक. १६ ते २४ डिसेंबर त्यांची सिम्बांग गाबी असते, नाताळाआधीच्या नऊ मिस्सा (कॅथलिक उपासना). रात्रपाळी नसली की मीही जाते. त्यांच्यातल्या एकीच्या स्वयंपाकघरात तळणाला बंदी नाही, म्हणून माझ्या करंज्या तिथं होतात. लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटात ओला नारळ समोर खवून देतात, पण सारणाला सुकंच खोबरं घ्या, ओलं इथल्या हवेत दोन दिवसांत आंबतं. करंज्या निवल्या रे निवल्या की डब्यात. तासभर उघड्या राहिल्या तर पारी चामट.

फराळ जरूर पाठवा. चकली, शंकरपाळे, करंज्या चालतील. वेगवेगळ्या पिशव्यांत हवाबंद करा आणि आत काय आहे ते इंग्रजीत लिहा. मटणाचं लोणचं मात्र पाठवू नका. मांस फक्त मान्यता दिलेल्या देशांतूनच येऊ देतात, तुमची बरणी कस्टममध्येच राहील.