जुन्या शेवरोले ट्रकच्या 216 इंजिनची पावर वाढवायला मोठा कार्बोरेटर लावू का? पेट्रोलही फार पितोय

नका लावू, निदान आत्ता तरी नको. मी हाच शहाणपणा करून बसलोय, जोड कार्बोरेटर लावले, आवाज एकदम भारी यायला लागला आणि चढावर गाडी होती तिथेच, वर पेट्रोल आधीपेक्षा जास्त. शेवटी घोळ निघाला डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग).

216 म्हणजे साडेतीन लिटरचं सहा सिलेंडर, नवं होतं तेव्हाच साधारण 90 हॉर्सपावर. त्यातले निम्मे घोडे इतक्या वर्षांत कुठे पळाले ते आधी शोधा. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) चेक करा, एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघा, आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर बहुतेक वॉल्व.

आता टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. या इंजिनात व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणारी सोय) आतली प्लेट नाही तर अख्खा डिस्ट्रिब्युटरच फिरवतो, आणि खाली ग्रीस-धूळ साचून तो जाम होतो, बाहेरून काही कळत नाही. व्हॅक्युमची नळी कार्बोरेटरकडून काढा आणि तोंडाने ओढा (हो, खरंच), डिस्ट्रिब्युटर हलला पाहिजे आणि जीभ लावून धरली तर तसाच राहिला पाहिजे. हलला पण लगेच परत आला तर डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटलाय. माझा तर हललाच नाही, सोडवून साफ केला आणि टॉप गिअरमधलं रडणं त्याच दिवशी थांबलं. मग टायमिंग लाइट मारून फ्लायव्हीलमधली स्टीलची गोळी खिडकीतल्या काट्यासमोर आणा. मॅनिफोल्डमधला हीट वॉल्व (एक्झॉस्टची उष्णता इनटेककडे वळवणारी झडप) पण बघा, तो गंजून अडकला असेल तर इनटेक फुकट तापत राहतं.

एवढं झाल्यावर हेड थोडं प्लेन करून कॉम्प्रेशन रेशो साडेसहावरून साडेसातवर नेता येतो, त्यात फार तर 4-5 टक्के पावर मिळते. पण 216 चे रॉड बेअरिंग ओतीव बॅबिटचे (मऊ मिश्रधातू) आणि ऑइल रॉडच्या चमच्यांनी उडवलेलं, पूर्ण प्रेशरचं नाही, त्यामुळे जास्त आरपीएमवर ताणलंत की बेअरिंग वितळायला वेळ लागत नाही! म्हणून मी या इंजिनावर पावरसाठी पैसे घालत नाही, जास्तच पाहिजे असेल तर प्रेशर ऑइलिंगवालं नंतरचं 235 इंजिन शोधा.

मायलेजचा खरा फायदा मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. अर्ध्या टनाच्या ट्रकला 4.11 रेशो असतो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.11 फेरे), 3.55 केला तर त्याच स्पीडला इंजिन जवळजवळ 14 टक्के कमी फिरतं, बेअरिंगलाही तेच हवंय. ओव्हरड्राइव्हचा (इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) विचार मीही केला होता पण टॉर्क ट्यूब (मागच्या शाफ्टवरची बंद नळी) कापायला लागते म्हणून सोडला. फक्त माल भरून घाट चढायचा असेल तर 4.11 च राहू द्या, नाहीतर सारखा गिअर पाडावा लागेल.