वाचक विचारतात: सेल्फ दाबला की नुसतीच ‘टक’

प्रश्न: घरी २००८ सालची १५० सीसीची मोटरसायकल आहे. किक आणि सेल्फ दोन्ही आहेत. अडीच वर्षे अंगणात झाकून उभी होती. आता नवी बॅटरी बसवली. हॉर्न खणखणीत वाजतो, पण सेल्फचे बटण दाबले की सीटखाली एकदाच ‘टक’ आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. सेल्फ मोटर बदला, असा सल्ला मिळाला आहे. बदलावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: इतक्यात नको. मोटर शेवटी तपासायची. तिच्याआधी इंजिन, बॅटरी, रिले (बटण दाबले की बॅटरीचा मोठा करंट मोटरकडे सोडणारा स्विच) आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाशी असलेली जोडणी) हे चार मुक्काम आहेत, आणि बंद राहिलेल्या गाडीत दोष बहुतेक वेळा याच चौघांत सापडतो. हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी ठणठणीत, असेही समजू नका. हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात. सेल्फ मोटर सुरू होताना पन्नासच्या आसपास किंवा त्याहून जास्त खेचते.

सुरुवात इंजिनापासून करा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किक हाताने दाबून पाहा. ती दगडासारखी अडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरल्या आहेत आणि मोटर बिचारी फिरणार तरी कशी? प्लग काढा, त्या भोकातून साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडा, रात्रभर थांबा आणि मग किक हळूहळू, दाब न देता खाली न्या. पल्सरसारखे दोन प्लगचे इंजिन असेल तर दोन्ही काढा, म्हणजे कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा) अडसर राहत नाही. अडलेल्या किकवर उभे राहून जोर लावू नका, किक शाफ्टचे दाते तुटतात.

इंजिन मोकळे फिरत असेल तर मल्टिमीटर हातात घ्या. पाच-सातशे रुपयांचा साधा मीटरही चालेल. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या पुढे दिसली पाहिजे. १२.२ च्या खाली असेल तर नवी असली तरी अर्धी रिकामी आहे. नवी बॅटरी चार्ज न करताच बसवली जाणे ही नेहमीची चूक. ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.९ अँपिअरने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाने, दहा-बारा तास चार्जिंग द्या.

आता मीटरच्या काड्या बॅटरीवर तशाच धरून बटण दाबा. खरे उत्तर इथे मिळते. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर एकतर बॅटरी अशक्त आहे किंवा मोटर जाम होऊन प्रचंड करंट खेचते आहे. आकडा जागचा हललाच नाही, १२.५ चा १२.५ राहिला, तर करंट मोटरपर्यंत जातच नाही. ‘टक’ म्हणजे रिलेतली कॉइल ओढली गेल्याचा आवाज; आतले तांब्याचे संपर्क जळलेले असले तरी तो येतोच. (एकच ‘टक’ न येता ‘टक-टक-टक’ अशी रांग लागली तर मात्र बॅटरीच बघा: रिले ओढला की व्होल्टेज पडते, रिले सुटतो, व्होल्टेज वर येते, पुन्हा ओढतो.)

तुमच्या लक्षणावरून आम्हाला रिले किंवा अर्थिंगचा संशय जास्त आहे. मीटरची लाल काडी मोटरच्या टर्मिनलवर आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून बटण दाबा. शून्य आले तर रिले किंवा केबल खराब. बारा आले आणि मोटर तरीही गप्प असेल तर अर्थिंग पाहा: काडी निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या खरवडलेल्या धातूवर, आणि बटण दाबा. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची केबल जिथे बोल्टने आवळली आहे तिथे गंज आहे. तो बोल्ट काढा. वायसरच्या खाली हिरवट-पांढरी भुकटी दिसेल. पॉलिश पेपरने तांबे चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. अनेक गाड्या एवढ्यावरच चालू होतात.

मोटरपर्यंत बारा व्होल्ट येतात, अर्थिंगही स्वच्छ आहे आणि तरी ती फिरत नाही, तेव्हाच मोटर उतरवा. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. पॉझिटिव्हपासून सुरू केले आणि पाना चॅसिसला टेकला तर ठिणगी उडते. मोटर उघडल्यावर कार्बन (आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, टेकून करंट देणारे तुकडे) झिजून आखूड झालेले किंवा स्प्रिंगमध्ये अडकलेले दिसतील. आर्मेचरचा तांब्याचा भाग ६०० नंबरच्या पेपरने हलकेच पुसा, आणि पट्ट्यांमधल्या फटींत बसलेली काळी भुकटी सुईने काढा, नाहीतर पट्ट्या आपसात शॉर्ट होतात. कार्बनचा संच पूर्ण मोटरच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात येतो. बसवताना मोटर इंजिनात बसते त्या तोंडावरचा रबरी ओ-रिंग नवा घाला, जुना चपटा झालेला असतो आणि तिथून ऑइल आत झिरपते.

प्रश्न: माझ्या गाडीत सेल्फ मोटर ‘घुर्र’ करून जोरात फिरते, पण इंजिन हलत नाही. किकवर गाडी एका दमात चालू होते. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: वन-वे क्लच, म्हणजे सेल्फ मोटरची फिरकी एकाच दिशेने इंजिनाला जोडणारा भाग, गेला आहे. हा मॅग्नेटच्या (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकी चाकाच्या) मागे असतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तीन रोलर, तीन पिना आणि तीन स्प्रिंगा. रोलर ओबडधोबड झाले किंवा स्प्रिंग मोडली की तो धरत नाही. डावे कव्हर काढून मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) उतरवावा. हातोडी मारली तर मॅग्नेटचे चुंबक फुटतात आणि खर्च दहा पटीने वाढतो. नवे रोलर टाकताना ते ज्या खाचेत फिरतात ती बोटाने चाचपा. खड्डे लागले तर क्लचची बॉडीही बदला, नाहीतर आठवड्यात तेच होईल. नव्याने बसवल्यावर बॅटरी अशक्त ठेवू नका. इंजिन हळू फिरते तेव्हा स्फोट उलटा बसतो आणि तो धक्का थेट या रोलरवर येतो.

प्रश्न: बराच काळ बंद असलेली गाडी चालू होते, पण चोक बंद केला की मरते. (एक वाचक, कणकवली)

उत्तर: कार्बोरेटरचा पायलट जेट (इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) चोंदला आहे. पेट्रोल सुकून त्यात चिकट थर बसतो, म्हणून आधी फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सोडून जुने पेट्रोल बाटलीत काढा. मग जेट उतरवून कार्ब क्लीनर आणि हवेने फुंका. तार घालून भोक मोठे करू नका. टाकीत ताजे पेट्रोल भरा. इ-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल ओलावा पटकन धरते आणि जुने रबर खराब करते, त्यामुळे जुन्या गाडीची रबरी नळी कडक झाली असेल तर तीही बदला. आणि गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर रस्त्यावर आणण्याआधी आरटीओकडे नोंदणीचे नूतनीकरण, विमा आणि पीयूसी हे तिन्ही तपासा. नूतनीकरण पाच वर्षांचे होते. गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि तिथे हॉर्न, ब्रेक व इंडिकेटरही बघतात.