पाण्यात राहिलेल्यांचं काय? (वाचक विचारतात)

प्रश्न (सांगलीहून): नमस्कार सर. परवा आमच्या वाचनालयात सॉक्रेटिसवर व्याख्यान होतं. वक्ते ओघात बोलून गेले की अथेन्सने लढाई जिंकून आलेल्या आपल्याच सहा सेनापतींना मारून टाकलं आणि सॉक्रेटिस तेवढा विरोधात उभा राहिला. पुढे काही सांगितलंच नाही. जिंकून आलेल्याला मारतं का कोणी? गुन्हा तरी काय होता?

उत्तर: नमस्कार. हो, खरंय ते. थोडक्यात सांगितलं तर ‘लोक वेडे होते’ एवढंच हाती लागतं आणि तसं ते नव्हतं, म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

साल इसवी सनापूर्वी 406. अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध सुरू होऊन 25 वर्षं झालेली. अथेन्सचा कॉनॉन नावाचा सेनापती लेस्बॉस बेटावर मितिलिनीच्या बंदरात अडकून पडलेला, बाहेर स्पार्टाचं आरमार बसलेलं. ही खबर घरी पोचली तेव्हा अथेन्सने 30 दिवसांत 110 जहाजं तयार केली, माणसं पुरेनात म्हणून गुलामसुद्धा जहाजावर चढवले. मित्रराज्यांची धरून आकडा 150 च्या वर गेला. लेस्बॉसच्या समोर आर्गिन्युसी म्हणून बारकी बेटं आहेत तिथे गाठ पडली आणि स्पार्टाची 70 च्या आसपास जहाजं गेली, त्यांचा सेनापती कॅलिक्रेटिडास समुद्रात पडला तो परत दिसलाच नाही. अथेन्सची 25 गेली. म्हणजे दणदणीत विजय.

पण ते 25 नीट बघा. एका जहाजावर साधारण 200 माणसं, त्यातली 170 वल्हेकरी. म्हणजे 5000 माणसं पाण्यात. आणि ही लाकडी हलकी जहाजं दगडासारखी तळाला जात नाहीत, फुटली की पाणी भरून पृष्ठभागाला तरंगत राहतात आणि माणसं फळ्यांना धरून लोंबकळत असतात. लढाई संपली तेव्हा यातले कित्येक जिवंत होते, हाका मारत होते, आणि त्यांचीच जिंकलेली जहाजं डोळ्यांसमोर उभी होती.

आठ सेनापती होते तिथे. आठ! (आपल्या सोसायटीच्या कमिटीत सात जण आहेत, पाण्याच्या टाकीचा निर्णय दोन वर्षं होत नाही.) डायोमेडॉन म्हणाला सगळ्यांनी मिळून आधी माणसं उचलू, इरॅसिनिडीस म्हणाला आधी मितिलिनीला जाऊन कॉनॉनला सोडवू नाहीतर शत्रू निसटेल, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. शेवटी थ्रासिलसचा तोडगा ठरला, की दोन्ही करू, 47 जहाजं इथे माणसं उचलायला ठेवायची आणि बाकीची घेऊन पुढे जायचं. उचलायचं काम दिलं थेरामेनिस आणि थ्रासिब्युलस या दोन जहाज-कप्तानांकडे. हे सगळं ठरेपर्यंत वादळ आलं. 47 जहाजं गेली नाहीत, बाकीचीही गेली नाहीत, आणि रात्र झाली.

माझ्या मते खरी चूक यापुढची आहे. सेनापतींनी अथेन्सला पत्र पाठवलं त्यात फक्त लिहिलं की वादळामुळे माणसं उचलता आली नाहीत. काम कोणाला दिलं होतं ते लिहिलंच नाही. काहींचं म्हणणं होतं नावं लिहूया, पण पेरिक्लिस (अथेन्सचा प्रसिद्ध पुढारी पेरिक्लिस, त्याचा त्याच नावाचा मुलगा) आणि डायोमेडॉन या दोघांनी सांभाळून घेतलं, कशाला त्या दोघा कप्तानांना अडचणीत आणायचं म्हणून. चांगुलपणाच होता तो. पण ज्याला सांभाळलं तो थेरामेनिसच नागरिकांच्या सभेत सगळ्यात आधी उठला आणि म्हणाला, बघा, यांच्या पत्रात वादळाशिवाय दुसऱ्या कोणाचं नावच नाही, मग जबाबदार हेच.

पहिल्या सभेत लोक तसे सेनापतींच्या बाजूने झुकत होते. खलाशी साक्षीला आले, वादळ खरंच होतं म्हणाले. पण तोवर अंधार पडला, वर केलेले हात मोजता येईनात, म्हणून मतदान पुढे ढकललं. आणि मध्ये नेमका अपाटुरियाचा सण आला. हा सगळं कूळ एकत्र जमायचा सण, म्हणजे ज्या घरातला माणूस आला नाही त्या घरात त्याची जागा रिकामी दिसणारच. पुढच्या सभेला काळे कपडे घातलेली, डोकी भादरलेली माणसं आली. झेनोफन हा इतिहासकार म्हणतो की त्यातले बरेच थेरामेनिसच्या लोकांनी आणलेले, कोणाचेच नातेवाईक नसलेले. असतील. पण खरे नातेवाईकही काही कमी नसणार, 5000 माणसांची घरं किती होतील ते तुम्हीच धरा.

त्या सभेत एक माणूस पुढे आला. म्हणाला, मी पिठाच्या पिंपाला धरून तरंगत वाचलो, आणि माझ्या बाजूला जे बुडत होते त्यांनी मला सांगितलं की तू वाचलास तर लोकांना जाऊन सांग, देशासाठी सगळ्यात चांगलं लढले त्यांना सेनापतींनी उचललं नाही. आता वादळाचा वेग आणि 47 जहाजांचा हिशोब यापुढे काय टिकणार?

मग कॅलिक्सेनसने ठराव आणला की आठही जणांवर एकाच मतदानात निकाल लावा. कायद्याने ज्याचा त्याचा खटला वेगळा चालायला हवा होता. कामकाज चालवणाऱ्या मंडळातल्या काहींनी नाही म्हटलं, त्यांना धमकावलं तसे ते गप्प झाले, राहिला एक सॉक्रेटिस. तो म्हणाला कायद्याबाहेर काही करणार नाही. तुमचे वक्ते म्हणाले ते हेच. युरिप्टोलेमसने बचावात चांगलं भाषण केलं, वेगवेगळे खटले चालवा म्हणाला, हात वर करून ते आधी मंजूरही झालं, मग हरकत आली, परत मतदान झालं आणि फिरलं. आठातले दोघं आधीच शहाणे, अथेन्सला परतलेच नव्हते. सहा जणांना मारलं, त्यात तो पेरिक्लिसही आणि ‘सगळ्यांनी आधी माणसं उचलू’ म्हणणारा डायोमेडॉनही. हे मला सगळ्यात जास्त लागतं. वेगळा खटला चालला असता तर निदान हा माणूस सुटला असता.

प्रश्न (पुण्याहून): पण गेलेली माणसं गेलीच होती ना? प्रेतं आणली नाहीत म्हणून एवढा संताप? आताच्या काळात बसून ते जरा अति वाटतं.

उत्तर: ताई, दोन गोष्टी. एक तर सगळे गेलेले नव्हते, वर लिहिलंय तसं जिवंत होते. आणि ग्रीकांत मूठमाती मिळाली नाही तर माणसाची सुटका नाही असं मानायचे, त्यामुळे प्रेत आणणं हे शेवटचं कर्तव्यच.

आणि अति म्हणाल तर आपलं पानिपत आठवा की. 14 जानेवारी 1761 नंतर पत्रातून मोती गळाल्याचं, मोहरा हरवल्याचं कळलं, पण भाऊसाहेब नक्की गेले का यावर लोकांचा विश्वास बसायला किती वर्षं गेली? पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलंच नाही. मग भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे लोक जमले, आणि 1776 ला त्याला मारेपर्यंत पेशवाईच्या डोक्याला तो ताप होता. बेपत्ता माणूस घरातही संपत नाही आणि राजकारणातही संपत नाही. ‘गेला’ हे सांगायला कोणीतरी लागतं, तेही सेनेचंच काम आहे.

प्रश्न (डोंबिवलीहून): माझे मामा नेव्हीत होते. ते कायम म्हणायचे की पाणबुडी आसपास असेल तर बुडणाऱ्यांसाठी जहाज थांबवायचं नसतं. लहानपणी मला ते फार क्रूर वाटायचं. खरंच असा नियम असतो का?

उत्तर: मामा बरोबर होते, आणि तो धडा फार महागात शिकलेला आहे. 22 सप्टेंबर 1914, नॉर्थ सी, ब्रिटिशांच्या तीन जुन्या क्रूझर चाललेल्या. सकाळी त्यातली अबुकिर फुटली. कप्तानाला वाटलं सुरुंग असणार, म्हणून त्याने बाकी दोघींना जवळ बोलावलं. होग थांबली, बोटी सोडायला लागली, तिला टॉर्पेडो. मग क्रेसी थांबली, तिलाही. एकच जर्मन पाणबुडी होती, यू-9. सुमारे दीड तासात तिन्ही जहाजं खाली आणि 1400 च्या वर माणसं गेली, त्यात कोवळी कॅडेट पोरं. आर्गिन्युसीला माणसं उचलली नाहीत म्हणून गेली, इथे उचलायला थांबले म्हणून गेली. यानंतर ब्रिटिश नेव्हीने हुकूमच काढला की मोठ्या जहाजांनी अशा वेळी थांबायचं नाही.

आपल्याकडचं उदाहरण मामांना नक्की पाठ असणार. 9 डिसेंबर 1971 ची रात्र, दीवजवळ आयएनएस खुकरी आणि आयएनएस किरपाण पाकिस्तानी पाणबुडी शोधत होत्या, तिनेच यांना आधी शोधलं. हंगोरच्या टॉर्पेडोने खुकरी काही मिनिटांत गेली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफजॅकेट एका खलाशाला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले, मरणोत्तर महावीरचक्र. हंगोरने किरपाणवरही मारा केला होता, किरपाण तिथून बाजूला गेली, आणि 67 जणांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढलं. किरपाणने थांबायला हवं होतं का यावर अजून भांडणं होतात. माझं विचाराल तर आरामखुर्चीत बसून कोणालाच भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही, क्रेसीचं काय झालं ते वाचल्यावर तर नाहीच. पण परत येणं, आणि लवकर येणं, हे मात्र मागायचा हक्क पाण्यातल्या माणसाला आहे.

कायदाही साधारण तेच म्हणतो. 1949 च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम 18 असं, की प्रत्येक चकमकीनंतर विलंब न लावता पाण्यात पडलेले, जखमी, आजारी यांना शोधून उचलण्यासाठी शक्य ते सगळं करायचं, स्वतःचे असोत की शत्रूचे. ‘शक्य ते सगळं’ म्हणजे नक्की काय हे कलमात नाही, ते त्या रात्री जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभा असलेला माणूस ठरवतो. म्हणून मी परत त्या पत्रावरच येतो बघा. वादळात जाणं जमलं नाही हे माफ करता येतं. पण काम कोणाला दिलं, किती वाजता दिलं, तो गेला की नाही गेला, हे कागदावर नाव घालून यायला पाहिजे, मग तो आपला दोस्त का असेना.

प्रश्न (सांगलीचेच वाचक, त्याच पत्रात खाली): ता. क. अथेन्सला नंतर पश्चात्ताप झाला का?

उत्तर: झाला, लगेचच. ज्यांनी लोकांना फसवलं त्यांच्यावर खटले भरायचं ठरलं. कॅलिक्सेनस पळाला, काही वर्षांनी परत आला तर गावात कोणी त्याला उभं करेना, उपाशी मेला. पण सेनापती काही परत येत नाहीत. पुढच्याच वर्षी, 405 ला, एगोस्पोटामीला अथेन्सचं जवळजवळ सगळं आरमार किनाऱ्यावर उभ्या उभ्या पकडलं गेलं. त्यातून मोजकी जहाजं घेऊन एक सेनापती निसटला, तो म्हणजे हाच कॉनॉन, ज्याला सोडवायला हे सगळे आर्गिन्युसीला गेले होते. तो अथेन्सला गेला नाही, सरळ सायप्रस गाठलं.