कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यावर ते जसंच्या तसं बांधण्यापेक्षा तिथं नवं बहुउद्देशीय सभागृह बांधणं शहाणपणाचं नव्हतं का?

प्रश्न वाचून आधी वाटलं, हा आमच्या दाजींनीच नाव बदलून टाकलाय. पार्किंग नाही, खुर्च्या अरुंद, शंभर वर्षांपूर्वीची रचना, त्याच पैशात लग्न, मेळावा, नाटक सगळं होईल असा एसी हॉल झाला असता, 'भावनेपेक्षा व्यवहार बघा'... तुमचे मुद्दे तेच आहेत आणि क्रमसुद्धा तोच. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सिव्हिलचे माणूस. गेली कित्येक वर्षं दिवाळीच्या फराळाला आमचं हेच भांडण चालतं. नाट्यगृह जळायच्या आधीपासून.

तर उत्तर : नाही. बहुउद्देशीय सभागृहात लग्न बरं होतं, भाषण कसंबसं होतं आणि नाटक अजिबात होत नाही.

मी नट नाही. हौशी नाटकांची प्रकाशयोजना करत आलो, म्हणजे नोकरी सांभाळून शिडीवर चढायचं, स्पॉट बांधायचे, प्रयोगभर डिमरसमोर, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रासमोर, बसायचं. पश्चिम महाराष्ट्रातली बरीच नाट्यगृहं मी आतल्या बाजूनं पाहिलीत आणि त्यातली निम्मी कुणी बांधली असतील याचा विचार करत शिडीवर उभा राहिलोय. सपाट फरशी, मंगल कार्यालयासारखी. भिंती लांबच लांब, त्यावर गुळगुळीत टाइल्स. विंगेत दोन माणसं समोरासमोर आली की एकानं श्वास रोखून भिंतीला चिकटायचं. वर लाइट टांगायला धड पाइप नाही, पण स्टेजच्या मागं पाहुण्यांसाठी खास खोली, तिला सोफा.

केशवरावांचं नाट्यगृह तसं नव्हतं, कारण ते नाटकासाठीच बांधलं होतं. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, तिथली थिएटरं आणि आखाडे बघून आले. त्यातून १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान झालं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उघडलं. नावात पॅलेस, पण राजवाड्यातल्यांसाठी नव्हे. एका बाजूला पैलवानांचा हौदा, दुसऱ्या बाजूला नटांचा रंगमंच, मध्ये एक भिंत. मैदानात कुठंही बसा, कुस्ती दिसते. थिएटरात कुठंही बसा, मध्ये खांब येत नाही. मागच्या माणसाला दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, हा विचार त्या दोन्ही बांधकामांत होता. आजच्या किती सभागृहांत तो असतो, तुम्हीच बघा.

पुढं १९५७ मध्ये त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. कोल्हापूरचाच गायक नट, जन्म १८९०. अठराव्या वर्षी, १९०८ मध्ये, स्वतःची ललितकलादर्श नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान', म्हणजे दोन मंडळ्यांनी मिळून केलेलं 'मानापमान' नाटक, झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय ३१. हे मी इथं सांगतोय ते यासाठी की ही सगळी गाणी त्यांनी बिनमाइकची गायली. मराठी रंगभूमीवर तेव्हा लाउडस्पीकर नव्हता. भरलेल्या थिएटरात शेवटच्या माणसापर्यंत तान पोचवायची तर गळा लागतोच, पण इमारतही लागते. दाजींना यातला गळा मान्य आहे, इमारत मान्य नाही. भांडण एवढंच आहे.

आता तो प्रसंग सांगतो. लांबेल, पण त्याशिवाय माझं म्हणणं कळायचं नाही.

राज्य नाट्य स्पर्धा, कोल्हापूर केंद्र, थंडीचे दिवस. आमच्या संस्थेचं नाटक होतं. नाटक बरं होतं, फार ग्रेट नव्हतं. त्यात म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करायला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, आम्ही त्यांना नुसतं मास्तर म्हणायचो. बारीक अंगाचा माणूस, आवाजही बारीक. तालमीत दिग्दर्शक रोज ओरडायचा, 'मास्तर, आवाज काढा, शेवटच्या रांगेत दोन म्हाताऱ्या बसल्यात असं समजा.' मास्तर म्हणायचे, 'हो हो,' आणि तसंच बोलायचे.

स्टेजच्या पुढच्या कडेला तीन फूट-माइक, म्हणजे खाली फळीवर ठेवायचे माइक, ठेवले होते, भाड्याच्या साउंडवाल्याचे. पहिला अंक ठीक गेला. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला आणि त्या माइकनी 'घूंऽऽ' असा एकच सूर धरला. साउंडवाल्यानं वायरी हलवल्या, शिव्या घातल्या, शेवटी सगळं बंद केलं. विंगेत दिग्दर्शकाचा चेहरा पांढरा. कारण पुढचा प्रवेश मास्तरांचा एकट्याचा होता. बायको वारलीय, म्हातारा विहिरीच्या काठावर बसलाय आणि तिच्याशी बोलतोय. चढ्या आवाजात बोलायचा प्रवेशच नव्हे तो.

मी डिमरवर. आवाज नाही तर निदान चेहरा तरी दिसू दे म्हणून एक स्पॉट हळूहळू चढवत नेला. दिग्दर्शक विंगेतून दोन्ही हात वर करून करून खुणा करतोय, मोठ्यानं, मोठ्यानं! मास्तरांनी तिकडं बघितलं. बघितलं हे मी शपथेवर सांगतो. आणि होता त्याहून आवाज खाली आणला.

मग त्यांनी कनवटीची चंची काढली. हे तालमीत कधी केलं नव्हतं. पान नव्हतंच त्यात. नुसती चुन्याची डबी काढली, झाकणावर बोट मारलं, टक्. थांबले. बायको बसली असेल त्या रिकाम्या जागेकडं डबी पुढं केली आणि परत एकदा, टक्. मग डबी तशीच मिटून ठेवली आणि पुढचं वाक्य घेतलं.

स्पर्धेच्या प्रेक्षकाबद्दल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. निम्मे दुसऱ्या संस्थांचे नट असतात, आपलं पडावं म्हणून आलेले. उरलेले कलाकारांचे नातेवाईक. शेंगा खातात, पोरं रडतात, कुणी घड्याळ बघतो. त्या पाच-सात मिनिटांत खुर्ची वाजली नाही.

दाजी त्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला होते. बहिणीच्या आग्रहावरून आलेले, बाल्कनीत अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, म्हणजे कंटाळा आला की सटकायला बरं. रात्री घरी पिठलं-भाकरी खाताना मला विचारतात, 'काय मेव्हणं, त्या मास्तरनं ती डबी दोनदा का वाजवली?'

मी घास तसाच ठेवला. म्हटलं, 'तुम्हाला ऐकू आली?'

'न ऐकायला काय झालं? टक् टक् वाजली की.'

'माइक बंद होते, दाजी.'

तेव्हापासून हा माणूस स्वतःच्याच साक्षीवर पाणी ओततोय. आधी म्हणाले, माइक बंद नसतील, तुझा गैरसमज. साउंडवाल्यालाच समोर उभा केला. मग म्हणाले, थिएटर रिकामं होतं म्हणून आवाज घुमला. अहो, सिव्हिलचा माणूस हे बोलतो! रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो हे खरं, पण घुमतो म्हणजे शब्दावर शब्द चढतो, काही कळत नाही. माणसं बसली की त्यांचे कपडे, अंगं तो घुमारा पितात. शिवाय त्या दिवशी तळमजला जवळजवळ भरलेला होता. मग शेवटचा मुद्दा, 'तुमच्या मास्तरांचा गळा खणखणीत असेल.' मास्तरांचा गळा! आणि समजा असला, तरी डबीला कुठला गळा?

माझं म्हणणं साधं आहे. त्या जागेची रुंदी, उंची, बाल्कनीची खोली, स्टेजचं तोंड, बाजूच्या भिंतींचं अंतर, हे सगळं माणसाच्या बोलण्याच्या मापाचं होतं. बाजूची भिंत जवळ असली की नटाचा आवाज तिच्यावरून लगेच परततो आणि मूळ आवाजाला आधार देतो. भिंत लांब गेली की तोच आवाज उशिरा येतो आणि पुढच्या शब्दावर पडतो. त्यात लाकूडकाम, म्हणजे कर्कशपणा कमी. नवा एसी हॉल रुंद बांधतात, कारण खुर्च्या जास्त बसवायच्या. मग ऐकू येत नाही म्हणून माइक. माइक आला की नट त्याच्याजवळ घुटमळतो, प्रेक्षकांकडं पाठ करत नाही, कुजबुजत नाही. म्हणजे इमारतीनं नटाच्या अभिनयाचं माप ठरवलं. हे कुणी बघतच नाही, सगळे पार्किंग मोजतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. छप्पर कोसळलं, रंगमंच आणि खुर्च्या गेल्या, दगडी भिंती बऱ्याच उरल्या. लोक रस्त्यावर उभं राहून रडत होते, त्यात मीही होतो, ते सांगत बसत नाही. दाजींचा फोन आला. त्यांनाही वाईट वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं. पण चौथ्या दिवशी दुसरा फोन : 'आता आलाच आहे प्रसंग तर नव्यानं विचार करायला काय हरकत आहे? पुण्यात बालगंधर्वसुद्धा पाडून नवं बांधायचा विषय आहेच की.'

बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं. ते पाडायचा विषय अधूनमधून निघतो आणि पुण्यातले रंगकर्मी दर वेळी विरोधाला उभे राहतात. दाजींना हे लोक विकासाच्या आड येणारे वाटतात. मला वाटतं, ते घाबरलेत आणि त्यांचं घाबरणं बरोबर आहे. पाडताना 'आणखी चांगलं बांधू' म्हणतात. मग वर मजले चढतात, खाली दुकानं येतात आणि नाट्यगृह मधल्या कुठल्या तरी मजल्यावर जातं. सेट चढवायला लिफ्ट, तिच्यात फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीची चौकट, मावत नाही. हे मी कल्पनेनं सांगत नाही, अशा लिफ्टसमोर आम्ही करवतीनं फ्लॅट कापलाय.

आमच्या गावाला या बाबतीत आधीच एक जखम आहे. बाबूराव आणि आनंदराव पेंटर इथंच नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते, त्यातून सिनेमाकडं वळले. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथं सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. दाजी पुण्यात स्थायिक झाल्यापासून 'कोल्हापुरात काय राहिलंय' हे वाक्य दर दोन तासांनी म्हणतात. नाट्यगृह राहिलं होतं, दाजी. ते मूळच्या रूपातच उभं करायचं ठरलं याचा मला जो आनंद झाला त्यात तुमच्यावर मात केल्याचा भाग किती, हे मला विचारू नका.

आता थोडं तुमच्या बाजूनं, नाहीतर म्हणाल म्हातारा एकांगी आहे. खुर्च्या खरंच अडचणीच्या होत्या, गुडघे समोरच्याच्या पाठीला लागायचे. जिना आणि बाल्कनी वयस्कर माणसाला त्रासाची. शताब्दीच्या सुमारास नूतनीकरण झालं तेव्हा बऱ्याच सोयी आल्या, आणि त्याला मीही टाळ्या वाजवल्या होत्या. नव्या बांधणीत आग विझवायची चांगली यंत्रणा, रुंद दारं, बायकांना ग्रीनरूमला लागून स्वच्छ संडास, व्हीलचेअरला उतार, हे सगळं पाहिजेच. 'जसंच्या तसं' म्हणजे १९१५ ची वायरिंग नव्हे. आणि हेही खरं की छप्पर नवं, लाकूड नवं, तेव्हा आवाज हुबेहूब जुन्यासारखा येईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. तेवढ्यासाठी मापं तीच ठेवायची. मापं तीच ठेवली तर निदान संधी आहे.

मग प्रत्येक गावानं असं करावं का, असं तुम्ही पुढं विचाराल. माहीत नाही बुवा, ज्या गावात मुळात चांगलं नाट्यगृह नव्हतं तिथं काय जपणार? पण असेल तर पाडायच्या आधी एक करा. आर्किटेक्टला, नगरसेवकाला, ज्याला पाडायचंय त्याला, भरल्या प्रयोगाला शेवटच्या रांगेत बसवा आणि माइक बंद करा. जे रडले त्यांनाही बसवा, तिकीट काढून. त्यातल्या कितीकांनी गेल्या दहा वर्षांत हौशी नाटकाचं तिकीट काढलं होतं याची मला शंकाच आहे.

दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे, ताई तुम्हाला पाठवणारच. नाट्यगृह उघडलं की पहिल्या बिनमाइकच्या प्रयोगाला या. तुम्ही बाल्कनीत शेवटी बसा, मी स्टेजवर डबी वाजवतो. ऐकू आली नाही तर मटणाचा खर्च माझा. ऐकू आली तर तुमचा, आणि तांबडा-पांढरा दोन्ही पाहिजे.